‘एचेवेरिया’चा नकाशा: स्पेनची सरकारी आडनाव-सेवा किती कामाची?

स्पेनच्या राष्ट्रीय सांख्यिकी संस्थेला तिकडे सगळे ‘इने’ म्हणतात. तिच्या संकेतस्थळावर एक साधी चौकट आहे. आडनाव टाकलं की ते स्पेनमध्ये किती जणांचं आहे आणि कुठल्या प्रांतात किती, हे नकाशासकट दिसतं. नोंदणी नाही, पैसे नाहीत, जाहिराती नाहीत. सरकारी सेवा म्हणून तिला मी पाचपैकी साडेचार गुण देईन. उरलेला अर्धा का कापला, ते पुढे येईलच.

एक गोष्ट आधीच सांगून टाकतो. आडनाव आज कुठे पसरलं आहे आणि ते मुळात कुठून निघालं, हे दोन वेगळे प्रश्न आहेत. इने फक्त पहिल्याचं उत्तर देते, आणि तसा दावाही तेवढाच करते. गोंधळ घालतात ते वापरणारे: नकाशावरचा सर्वांत गडद प्रांत बघतात आणि तेच मूळ गाव समजून मोकळे होतात.

ही सेवा तपासायला ‘गार्सिया’ घेऊन उपयोग नाही. सुमारे साडेचौदा लाख लोकांचं ते पहिलं आडनाव आहे, म्हणजे लोकसंख्येच्या तीन टक्के. नकाशा जवळजवळ सगळाच रंगतो. खरी कसोटी लागते ती ‘एचेवेरिया’ला. हे आडनाव बास्क आहे, म्हणजे स्पेन-फ्रान्स सरहद्दीवरच्या पिरेनीज डोंगरांच्या पश्चिम टोकाला राहणाऱ्या, स्वतःची वेगळी भाषा असलेल्या लोकांचं; ते अनेक स्पेलिंगांत विखुरलेलं आहे, अटलांटिकपार गेलेलं आहे, आणि त्याचं एक भावंड थेट गोव्यापर्यंत आलेलं आहे.

आडनाव माणसाचं नाही, घराचं

बास्कमध्ये ‘एचे’ म्हणजे घर, ‘बेरी’ म्हणजे नवं, शेवटचा ‘आ’ हा त्या भाषेचा निश्चयदर्शक प्रत्यय, इंग्रजीतल्या ‘द’सारखा. नवं घर. अर्थ इतकाच, आणि सगळी अडचण या साधेपणातच आहे. बास्क मुलखात घराला नाव असे आणि राहणाऱ्यांना त्या घरावरून ओळखलं जाई. आपल्या कोकणात एका गावात ‘वरचा वाडा’ असला म्हणून दुसऱ्या गावातल्या ‘वरच्या वाड्या’शी त्याचं नातं लागत नाही, तसंच हे. नवं घर कुठेही बांधलं जातं. त्यामुळे एचेवेरियांचा एक मूळपुरुष नाही, एक गाव नाही. एकमेकांशी रक्ताचा संबंध नसलेली कितीतरी घरं या एकाच नावाची होती.

त्यातही एका घरातले सगळे रक्ताचे असत, असं नाही. बऱ्याच ठिकाणी घर आणि जमीन एकाच वारसाकडे जाई. वारस मुलगी असेल तर लग्न करून आलेला जावई तिच्या घराच्या नावाने ओळखला जाई. घरात नवं कुटुंब राहायला आलं तरी घराचं नाव त्याला चिकटे. म्हणून ‘या आडनावाचा उगम इथे’ असं एका बिंदूवर बोट ठेवणारी कुठलीही सेवा एचेवेरियाच्या बाबतीत चुकीचीच असणार. इने असं बोट ठेवत नाही, हा तिचा मोठा गुण.

स्पेलिंगचा घोळ, आणि कापलेला अर्धा गुण

इने जे टाइप कराल तेच शोधते. उच्चार सारखा, मूळ एक, पण अक्षर वेगळं असेल तर तिच्या लेखी ते वेगळं आडनाव. एचेवेरियासाठी निदान इतकी रूपं वेगवेगळी टाकून पाहावी लागतात.

स्पॅनिश वळणाचं रूप ‘सीएच’ आणि ‘व्ही’ वापरतं: ई-सी-एच-ई-व्ही-ई-आर-आर-आय-ए. बास्क अकादमीने, म्हणजे एउस्कालत्साइंदियाने, मान्य केलेलं रूप ‘टीएक्स’ आणि ‘बी’ वापरतं: ई-टी-एक्स-ई-बी-ई-आर-आर-आय-ए. स्पॅनिशमध्ये ‘बी’ आणि ‘व्ही’चा उच्चार एकच, म्हणून ‘सीएच’ आणि ‘बी’ असं मिश्र रूपही सापडतं. बास्क मुलखातल्या बिस्काया प्रांतात ‘बेरी’चं ‘बारी’ होतं, त्यामुळे ‘एचेवारिया’. हे नुसतं दुसरं स्पेलिंग नाही, बोलीभेद आहे, आणि त्याचं टीएक्स-बी रूपही वेगळं टाकावं लागतं. बिस्कायात याच नावाचं एक गावही आहे. मग पहिला ‘ए’ झडलेली रूपं: चावारिया, चावारी. मधला स्वर बदललेलं ‘एचावारिया’. शेवटचा ‘आ’ गळालेलं ‘एचेवेरी’, ज्याच्या शेवटी कधी ‘आय’ तर कधी ‘वाय’. आणि पिरेनीजच्या फ्रेंच बाजूने आलेलं, ‘टीसीएच’ने लिहिलेलं ‘एचेवेरी’.

ही सगळी रूपं एकत्र दाखवायची सोय तिथे नाही. अर्धा गुण त्याचा कापला. अर्थात सांख्यिकी संस्थेने कुणाचं आडनाव कुणाच्या आडनावासारखं आहे हे ठरवू नये, असंही म्हणता येईल, आणि त्यात तथ्य आहे. पण निदान ‘ही रूपंही पाहा’ एवढी ओळ तरी असायला हवी होती.

या घोळामागे कायद्याचाही हात आहे. हुकूमशहा फ्रँकोच्या राजवटीत नोंदणी कचेरीत बास्क लेखनाला थारा नव्हता. त्यानंतर वातावरण सैल झालं, आणि 1999 च्या 40 क्रमांकाच्या कायद्याने नागरिकाने मागणी केल्यास त्याच्या भाषेच्या नियमांप्रमाणे आडनावाचं लेखन दुरुस्त करून देणं नोंदणी अधिकाऱ्यावर बंधनकारक झालं. त्यासाठी मान्य रूपाचा दाखला लागला तर तो बास्क अकादमी देते. परिणाम असा की दोन सख्ख्या भावांपैकी एक आज ‘सीएच’वाला आणि दुसरा ‘टीएक्स’वाला असू शकतो. इनेच्या नकाशावर ते दोन वेगळ्या आडनावांत मोजले जातात. ‘टीएक्स’ रूपाचा नकाशा म्हणूनच उगमाचा नकाशा नव्हे. आपलं लेखन बदलून घेणारे लोक कुठे राहतात, एवढंच तो दाखवतो.

आकडे कसे वाचायचे

आडनाव स्वराघाताच्या चिन्हाशिवाय, साध्या अक्षरांत टाका. ‘एन’वर नागमोडी रेघ असलेलं अक्षर मात्र तसंच ठेवा, ते स्वतंत्र अक्षर आहे. आडनावाआधी ‘दे’ किंवा ‘दे ला’ असेल तर ते आडनावाचाच भाग धरलं जातं. आलावा प्रांतातली ‘लोपेस दे लाकाये’ अशा घाटाची जोड आडनावं पूर्ण टाकली तरच सापडतात. नुसतं शेवटचं टोक टाकलं तर ती निसटतात.

उत्तरात तीन आकडे येतात: पहिलं आडनाव म्हणून किती, दुसरं म्हणून किती, आणि दोन्ही आडनावं तीच असलेले किती. स्पेनमध्ये प्रत्येकाला दोन आडनावं असतात, एक वडिलांकडचं आणि एक आईकडचं. कुठलं आधी लावायचं हे आता आईवडील ठरवतात. पहिल्या दोन आकड्यांची सरळ बेरीज केली तर दोन्ही आडनावं तीच असलेला माणूस दोनदा मोजला जातो. म्हणून पहिला अधिक दुसरा, वजा तिसरा. हे आडनाव असलेल्या माणसांची खरी संख्या ती.

प्रांतांची तुलना करायची असेल तर संख्येकडे बघूच नका, ‘दर हजारी’चा आकडा घ्या. समजा एखाद्या रूपाचे माद्रिदमध्ये हजार आणि गिपुस्कोआ या बास्क प्रांतातही हजार लोक आहेत. माद्रिद प्रांताची लोकसंख्या सत्तर लाखांच्या घरात, गिपुस्कोआची सव्वासात लाखांच्या आसपास. म्हणजे माद्रिदचं प्रमाण हजारी 0.14 आणि गिपुस्कोआचं सुमारे 1.4. दहापट फरक, आणि नुसत्या संख्येत तो दिसलाच नसता.

दर हजारी आकड्यांची बेरीज करता येते, पण एकाच प्रांतातल्या वेगवेगळ्या रूपांची. गिपुस्कोआतल्या ‘सीएच’ रूपाचं प्रमाण आणि ‘टीएक्स’ रूपाचं प्रमाण मिळवलं तर चालतं, कारण दोन्हींचा भाजक एकच. दोन प्रांतांची प्रमाणं एकमेकांत मिळवली तर येणाऱ्या आकड्याला काहीही अर्थ नसतो. ही चूक हौशी वंशावळवाल्यांच्या तक्त्यांत हमखास असते.

रिकामा प्रांत म्हणजे शून्य नव्हे. गोपनीयतेसाठी इने देशभरात 20 पेक्षा कमी लोक असलेलं आडनाव दाखवत नाही, आणि प्रांतात 5 पेक्षा कमी असतील तर तो प्रांत कोरा ठेवते. दुर्मीळ रूपांची बेरीज त्यामुळे नेहमी थोडी कमीच येते.

आणखी एक: नकाशा रहिवाशांचा आहे, राष्ट्रीयत्व कुठलंही असो. कोलंबियातून येऊन माद्रिदमध्ये राहणारा ‘एचेवेरी’ त्यात आहेच. त्यामुळे माद्रिद किंवा बार्सिलोनात एखादं रूप अचानक जास्त दिसलं तर त्यामागे बहुधा कामधंद्यासाठी झालेलं स्थलांतर असतं. हे सगळं सांभाळून नकाशे शेजारी शेजारी ठेवले की चित्र स्वच्छ दिसतं: ‘बेरी’ असलेली रूपं गिपुस्कोआ आणि त्याला लागून असलेल्या नावार्रा प्रांतात दाट, ‘बारी’ असलेली बिस्कायात. बोलींची जुनी सीमा आडनावांत अजून टिकून आहे, आणि ती फुकटात बघायला मिळते.

सरहद्दीपलीकडे

एचेवेरिया स्पेनमध्ये थांबत नाही, आणि इने मात्र सरहद्दीवर थांबते. फ्रान्ससाठी ‘जिओपाट्रोनिम’ ही सेवा आहे. तिचा आधार फ्रेंच सांख्यिकी संस्थेची 1891 ते 1990 मधली जन्मनोंद, चार कालखंडांत विभागलेली. ‘टीसीएच’वालं एचेवेरी टाकलं की नैर्ऋत्य कोपऱ्यातला पिरेने-अतलांतिक जिल्हा उठून दिसतो. एक लक्षात ठेवा, इथे जन्म मोजलेत, तर इनेमध्ये हयात रहिवासी. दोन्ही आकडे एका तक्त्यात शेजारी लिहिले तर तो तक्ता फेकून द्यावा लागेल. पण कालखंड पाडलेले असल्यामुळे आडनाव आपला जिल्हा सोडून कधी बाहेर पडलं हे फ्रेंच नकाशा दाखवतो. स्पॅनिश नकाशाला ते जमत नाही.

लॅटिन अमेरिकेत स्पेलिंग हाच सर्वांत चांगला दुवा. अर्जेंटिना-उरुग्वेकडे ‘टीसीएच’ दिसलं तर कुटुंब बहुधा फ्रेंच बास्क भागातून एकोणिसाव्या शतकात आलेलं. कोलंबियाच्या अंतियोकियात ‘एचेवेरी’ आणि ‘एचावारिया’ ही रूपं रुळलेली. मेदेयिनची कोल्तेहेर ही कापडगिरणी 1907 मध्ये काढली ती आलेहांद्रो एचावारिया यांनी. मेक्सिकोत लुईस एचेवेरिया 1970 ते 1976 राष्ट्राध्यक्ष होते. अर्जेंटिनात एस्तेबान एचेवेरिया (1805 ते 1851) या लेखकाच्या नावाने ब्युनोस आयर्सलगतचा एक अख्खा तालुका आहे. मध्य अमेरिकेत ‘चावारिया’ जास्त.

फिलिपाइन्समध्ये स्पॅनिश किंवा बास्क आडनाव दिसलं तर त्यावरून वंशाचा निष्कर्ष काढू नका. गव्हर्नर नार्सिसो क्लावेरिया यांनी 21 नोव्हेंबर 1849 च्या हुकुमाने आडनावांची छापील यादी काढली आणि तिथून ती गावोगाव वाटली गेली. जगाचा नकाशा विकणाऱ्या खासगी साइट असे देश गडद रंगवतात आणि वापरणाऱ्याला स्थलांतराचा भास होतो. त्यांचे बरेच आकडे नमुन्यावरून काढलेले अंदाज असतात, आणि प्रत्येक देशाचा नमुना वेगळा. कुठल्या देशात शोधायला सुरुवात करायची एवढं ठरवायला त्या ठीक. आकडा म्हणून उद्धृत करायला नाहीत.

गोव्याचं ‘झेवियर’

सेंट झेवियरचं आडनाव याच कुळातलं. ‘एचाबेरी’चा पहिला ‘ए’ झडून ‘शाबिएर’, पोर्तुगीज-इंग्रजी वळणाने ‘झेवियर’, आजच्या स्पॅनिशमध्ये ‘हाविएर’. नावार्रात सांग्वेसाजवळच्या हाविएर किल्ल्यात 7 एप्रिल 1506 रोजी त्यांचा जन्म झाला. वडील हुआन दे हास्सो, आई मारिया दे आस्पिलिक्वेता. आता भाऊ बघा: थोरला मिगेल किल्ल्याचा वारस म्हणून ‘दे हाविएर’ लावी, दुसरा हुआन आईकडचं ‘आस्पिलिक्वेता’. एका आईची लेकरं, आडनावं वेगळी, आणि त्या काळी यात कुणाला वावगं वाटत नसे. सोळाव्या शतकातला शोध आजच्या बाप-ते-मुलगा हिशेबाने करणारे इथेच अडकतात.

हेच नाव पिरेनीजच्या पायथ्याने पूर्वेकडेही पसरलं आहे. अरागोनच्या उएस्का प्रांतात हाविएरेलात्रे, हाविएरेगाय अशी गावं आहेत. त्या बाजूला आज बास्क कुणी बोलत नाही. इनेमध्ये ‘हाविएरे’ टाकून उएस्काचं दर हजारी प्रमाण बघा. ‘हाविएर’ मात्र आडनावांच्या चौकटीत टाकून फारसं हाती लागत नाही, कारण स्पेनमध्ये ते मुख्यतः मुलांचं नाव आहे, तेही या संतामुळेच. इनेची नावांची चौकट वेगळी आहे. ती नावाचं प्रमाण दशकवार आणि त्या नावाच्या लोकांचं सरासरी वयही सांगते. तिथे ‘हाविएर’ आणि बास्क ‘शाबिएर’ शेजारी ठेवून पाहण्यासारखे आहेत.

6 मे 1542 रोजी झेवियर गोव्यात उतरले, आणि त्यांचं शव आज जुन्या गोव्याच्या बॉम जेझुस बॅसिलिकेत आहे. गोव्यात, वसईत, खाली केरळ-तमिळनाडूपर्यंत जे ‘झेवियर’ आहेत ते भक्तीतून किंवा बाप्तिस्म्यातून आलेलं नाव लावतात. झेवियर धर्मगुरू होते, त्यांचा वंश नाही. त्यामुळे आडनावाच्या जागतिक नकाशावर भारत रंगलेला दिसला म्हणून नावार्राच्या दफ्तरखान्यात पत्र धाडण्यात अर्थ नाही. गोव्यातल्या घराण्याचा माग काढायचा तर आपल्या चर्चची बाप्तिस्मा-वही आणि पणजीचं पुराभिलेख खातं, हा रस्ता.

उगमासाठी खरोखर कामाच्या सेवा

अर्थ आणि मान्य रूपासाठी बास्क अकादमीचा नावांचा साठा. तो इनेइतका देखणा नाही, पण आडनावाचं प्रमाण रूप सांगतो, आणि मनाने व्युत्पत्ती लावणाऱ्यांपेक्षा कितीतरी विश्वासाचा.

माणसं शोधायला चर्चच्या नोंदी. इथे धर्मप्रांतांचा (एका बिशपच्या अखत्यारीतल्या भागांचा) इतिहास माहीत नसेल तर चुकीच्या दफ्तरखान्यात महिने जातात. गिपुस्कोआचा बराच भाग एकोणिसाव्या शतकाच्या मध्यापर्यंत पाम्प्लोना धर्मप्रांतात होता, बिस्काया आणि आलावा मुख्यतः कालाओर्राकडे. 1862 मध्ये तिन्ही प्रांतांसाठी व्हितोरिया हा नवा धर्मप्रांत झाला, आणि 1949 मध्ये त्यातून बिल्बाओ आणि सान सेबास्तियान वेगळे निघाले. चर्चच्या वह्या सहसा आजच्या धर्मप्रांताकडे सापडतात, पण लग्नाच्या परवानग्या आणि खटले जुन्या धर्मप्रांताच्या राजधानीत राहिलेले असू शकतात. बास्क प्रांतांतल्या बाप्तिस्मा-लग्न-मृत्यूच्या सूची ऑनलाइन शोधता येतात. शोधताना दोन्ही आडनावं टाका, नाहीतर एचेवेरियांचा डोंगर समोर येतो. नावार्रासाठी पाम्प्लोनाचा दफ्तरखाना स्वतंत्र.

समुद्रापार गेलेल्यांसाठी ‘पारेस’ हे स्पॅनिश सरकारी दफ्तरखान्यांचं एकत्र पोर्टल. सेव्हिलच्या इंडीज दफ्तरखान्यातल्या, म्हणजे स्पेनच्या समुद्रापारच्या वसाहतींच्या दफ्तरातल्या, प्रवासी परवान्यांची सूची त्यात आहे आणि बऱ्याच कागदांच्या प्रतिमा फुकट बघता येतात. वाय्यादोलिदच्या जुन्या न्यायालयाचे ‘इदाल्गिया’ (कुलीनपणा सिद्ध करण्याचे) खटलेही तिथेच. मध्य स्पेनमधल्या कास्तिलमध्ये स्थायिक झालेल्या बास्क माणसाला करमाफीसाठी आपण कुठल्या घरचे हे सिद्ध करावं लागे, साक्षीदार मूळ गावातून आणावे लागत. कुठल्या ‘नव्या घरा’चा हा एचेवेरिया, हे ज्या कागदांत नावानिशी मिळतं त्यातला हा एक. शोधताना ‘चावारिया’ आणि ‘एचावारिया’ टाकायला विसरू नका.

आडनावाचं ‘कुलचिन्ह’ छापून फ्रेममध्ये विकणाऱ्या दुकानांना शून्य गुण. चिन्ह एखाद्या विशिष्ट घराण्याचं असतं, आडनावाचं नव्हे. डझनावारी असंबद्ध घरं असलेल्या आडनावाला एक ढाल चिकटवणं ही निव्वळ विक्री आहे.

शेवटचं काम कागदाचं. स्पेनची नागरी नोंदणी 1 जानेवारी 1871 पासून सुरू झाली. जन्मदाखला न्याय मंत्रालयाकडून ऑनलाइन आणि विनाशुल्क मागता येतो. अर्जात ‘लितेराल’ म्हणजे नोंदीची पूर्ण नक्कल मागा; संक्षिप्त उताऱ्यात आजी-आजोबांची नावं येत नाहीत, जुन्या पूर्ण नोंदीत बहुधा असतात. आणि आडनाव जन्माच्या वेळी जसं लिहिलं होतं तसंच भरा. 1950 मध्ये जन्मलेल्या माणसाचं आजचं आडनाव ‘टीएक्स’ने असलं तरी मूळ नोंद ‘सीएच’खाली असण्याचीच शक्यता जास्त, आणि एक अक्षर चुकलं तर ‘नोंद आढळली नाही’ असं उत्तर येतं.